खुंटाचा गुलाब

नेरच्या बसस्टँडकडे जाताना एका अंगणात तो म्हातारा मला रोज सकाळी दिसायचा. थंडीत गुलाबाच्या झाडावर संध्याकाळी पांघरलेलं जुनं लुगडं तो उन्हं आली की काढायचा. दव झटकायचा आणि एक टोक हनुवटीखाली दाबून एकटाच घडी घालायचा. घडी कधी धड व्हायची नाही.

मला गुलाबातलं थोडंफार कळतं, म्हणून गप्प बसवेना. वरचं कलम केव्हाच वाळून गेलं होतं. खालच्या खुंटातून फुटलेल्या जंगली फांद्याच तो जपत होता. एक दिवस मी घरून कात्री घेऊन गेलो.

"काका, कलम तं मेलं. हे नुसतं जंगली वाढून राह्यलं. याले कायले जपता? कापून देऊ?"

तो रागावला नाही. कात्रीकडे पाहत म्हणाला, "माहीत हाय मले, भाऊ. बुढी गेली, त्याच हप्त्यात वाळलं. पन लावलं तं तिनंच होतं ना?"

मी कात्री पिशवीत टाकली. त्यानं लुगडं झटकलं. दुसरं टोक धरायला अंगणात कोणीच नव्हतं. मी धरलं.