अर्धा डाव घेऊन केनवडला

१२ डिसेंबर १९७४. सकाळच्या पॅसेंजरने अकोल्याहून निघालो. थंडी बरीच. जऊळक्याला उतरून चहा. एसटीने मालेगाव, तिथून मेहकरच्या गाडीने केनवड. दोनच्या सुमारास पोचलो. माणिकभाऊंना सांगितलं. सूर्य मावळायच्या आत जेवण. लवकर झोपलो.

माझ्या जुन्या डायरीत त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. केनवडला मुद्दाम फिरायला कोणी जात नाही. पण कोणाला त्या बाजूला जायचं असेल आणि एखाद्या गावात काही न करता दोन दिवस बसायची तयारी असेल, तर उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जाण्याचं कारण. माझा थोरला भाऊ, दादा, काही वर्षं केनवडच्या शाळेत मास्तर होता. तिथले किराणा दुकानदार माणिकभाऊ आणि तो दुकानाच्या ओट्यावर बुद्धिबळ खेळायचे. बदली होऊन दादा अकोल्याला माझ्याकडे राहायला आला आणि खेळ पोस्टकार्डावर सुरू राहिला. पटाच्या घरांना एक ते चौसष्ट आकडे दिलेले. कार्डावर लिहायचं, ‘घोडा, सत्तावीसवरून चव्वेचाळीस’, आणि खाली पावसापाण्याच्या दोन ओळी. अकरा वर्षांत जेमतेम पाच डाव झाले.

दादाची एक पद्धत होती. कार्ड आलं की माणिकभाऊंचं मोहरं त्या घरात ठेवायचा आणि दोन दिवस पटाकडे फिरकायचा नाही. तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आंघोळ झाल्यावर समोर बसायचा, दोन्ही हात मांडीखाली दाबून. कधी उठून पलीकडच्या बाजूला जाऊन बसायचा आणि माणिकभाऊंच्या जागेवरून पाहायचा. बाजारात भाजी घेताना मधेच म्हणायचा, “तो उंट तिथे फार अवघडून बसलाय रे.” आठव्या-नवव्या दिवशी कार्ड लिहायचा. मी बांधकाम खात्यात नकाशे उतरवायचं काम करायचो. काम उरकणं हाच माझा स्वभाव. मी त्याला एकदा विचारलं होतं, इतका वेळ कशाला लावतोस. तो म्हणाला, “लवकर संपवला की माणूस डावाच्या बाहेर येतो. मला एवढ्यात बाहेर यायचं नाही.”

भाद्रपदात दादा गेला. दोन दिवसांचं दुखणं. आम्ही दोघेच राहत होतो. चौदाव्या दिवशी पाहुणे गेले आणि त्याच दुपारी माणिकभाऊंचं कार्ड आलं. ‘हत्ती, आठवरून सहा. तूर बरी आहे. तब्येत सांभाळा.’ मी उत्तर लिहायला बसलो. बातमी लिहायची होती, ती लिहिता येईना. शेवटी पटावर पाहिलं, सुचली ती चाल दादाच्या अक्षरात लिहिली आणि संध्याकाळच्या डाकेत टाकली. पुढचं कार्ड येईपर्यंत मला घरात बरं वाटत होतं. म्हणून दुसरं कार्ड आलं तेव्हाही त्याच दिवशी उत्तर टाकलं. तिसऱ्यालाही. चौथ्यालाही. उत्तर लवकर गेलं की पुढचं कार्ड लवकर येईल, एवढाच हिशेब.

दिवाळीनंतर कार्ड येणं बंद झालं. महिना गेला. तेव्हा ठरवलं की जाऊन खरं सांगायचं आणि दादाचा पट त्यांना देऊन टाकायचा. पट चादरीत गुंडाळला, मोहरी बिस्किटाच्या डब्यात भरली, कोणतं मोहरं कुठे होतं ते एका कागदावर टिपून घेतलं.

अकोल्याहून जाणारी ती छोटी लाईन आता राहिली नाही. तेव्हा गाडी घाटातून इतकी सावकाश जायची की लोक बाहेरच्या माणसाशी बोलणं पूर्ण करायचे. जऊळक्याच्या स्टेशनबाहेर चहा चांगला मिळाला, आलुबोंडा कालचा होता. एसटीचं भाडं दोन्ही गाड्यांचं मिळून तीन रुपयांच्या आत. रस्ता डांबरी, पण कडा खाल्लेल्या. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली आणि वेचणाऱ्या बाया. तुरीला शेंगा धरल्या होत्या. जाणाऱ्यांनी या दिवसांत जावं, उन्हाळ्यात तिकडे काही पाहण्यासारखं नसतं.

मालेगावहून सुटलेल्या गाडीत शेजारी एक म्हातारे शेतकरी होते. मांडीवरचा डबा वाजला तसं त्यांनी विचारलं, “काय हाय जी डब्यात?”

मी म्हटलं, बुद्धिबळ.

“मंग केनवडले, माणिकभाऊकडं. त्यायचा तो कारडावरचा डाव.” त्यांनी मागच्या बाकावरच्या माणसाला माझी ओळख करून दिली आणि म्हणाले, “तो डाव लागला तवा माही म्हैस वगार होती. आता दुसऱ्यांदा याली, तरी हे दोघं बसूनच हायेत.”

मागचा म्हणाला की म्हशीचं तरी काही निघालं. दोघं हसले. मीही हसलो. मास्तर कसे आहेत असं त्यांनी विचारलं तेव्हा केनवडचा फाटा आला होता, मी डबा घेऊन उठलो.

दुकान मोठ्या रस्त्यावर आहे, शोधावं लागत नाही. माणिकभाऊ साठीचे, बारीक, पांढरं धोतर. गल्ल्याशेजारी चौरंगावर त्यांचा पट मांडलेला होता, त्यावर बांबूची टोपली उपडी घातलेली. मी अकोल्याहून आलो, मास्तरांचा भाऊ, असं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला नाही की खुलला नाही. बसा म्हणाले, आतून चहा मागवला आणि गिऱ्हाईक करत राहिले. तासभर तसाच गेला. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, माझ्याकडे न पाहता ते बोलले.

“मास्तरले एक सांगान?”

मी मांडीवरचा डबा खाली ठेवला.

“खेळाचं नसन तं तसं लिवा म्हना. पन त्याच दिवशी उत्तर टाकून राह्यले. अकरा वर्सात मास्तरनं मले आठ दिवसाच्या आत चाल धाडली नाई. पहिल्या कारडाले वाटलं, गडबडीत असन. चवथ्याले समजलं, आता त्यायले माह्यासंग बसू वाटत नाई.” ते तागडी पुसत होते. “मी काय वाईट केलं होतं, ते तरी लिवाचं.”

माझ्या मनात अशी शक्यता आलीच नव्हती. चाली चुकीच्या ठरतील, अक्षर ओळखलं जाईल, हे सगळं मी गाडीत धरून चाललो होतो. माझ्या घाईने इथे बसलेला माणूस महिनाभर दुखावला असेल, आणि तेही दादाच्या नावावर, हे सुचलं नव्हतं.

मी सांगितलं. दादा भाद्रपदात गेला. त्या चार चाली माझ्या.

एक बाई गूळ घ्यायला उभी होती. त्यांनी गूळ तोलला, कागदात बांधला, दिला. मग दुकानाच्या फळ्या लावल्या, भर दुपारी, आणि आत निघून गेले. मागच्या अंगणात अंगावर पाणी ओतून घेतल्याचा आवाज बराच वेळ येत होता. मी ओट्यावर बसून राहिलो. निघून जावं का, हेही कळेना. शेवटची एसटी पाचला होती.

साडेचारला त्यांची बायको, सगळे त्यांना मोठ्या काकू म्हणायचे, दारात आल्या. म्हणाल्या, “उठा बाप्पू, हातपाय धुवा. आमच्यात दिवस बुडाच्या आत जेवतेत.” ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, मेथी. कांदा-लसूण नाही, तरी चव होती. माणिकभाऊ समोर बसून जेवले. गावात लॉज नव्हतं. माझं अंथरूण माडीवर घातलं होतं, पायाशी जास्तीची गोधडी.

दुसऱ्या दिवशी गावचा बाजार होता. पहाटेपासून बैलगाड्यांचा आवाज. माणिकभाऊ जैनांच्या देरासरात दर्शन घेऊन आले आणि दुकान उघडायच्या आधी मला चौरंगापाशी बोलावलं. टोपली उचलली. पटावर माझ्या चार चाली आणि त्यांच्या तीन, सगळं जसंच्या तसं होतं.

या दोघांचा एक नियम होता. मोहऱ्याला हात लागला की ती चाल झाली, परत घ्यायची नाही. चुकून बाही लागून प्यादं हललं तरी तीच चाल. एकदा दादाचा अख्खा डाव त्यात गेला होता आणि तो हसत होता, हे मला आठवतं.

“तुमची उचला,” ते म्हणाले.

“मागे घ्यायची?”

“तुमची तुमी उचला, माही मी उचलतो. मास्तर असते तं नसती उचलली.”

आम्ही एकेक चाल उलट्या क्रमाने मागे नेली. माझी, त्यांची, माझी, त्यांची. शेवटी त्यांचा हत्ती सहावर राहिला, दादा गेल्यावर आलेल्या कार्डावरचा. तिथे ते थांबले. मग गल्ल्याच्या मागून सुतळीने बांधलेली चार कार्डं काढली आणि मला परत दिली. दादाची कार्डं दुसऱ्या पेटीत होती, तिला हात लावला नाही.

“आता मास्तरकडची चाल येनं बाकी हाय.”

मी म्हटलं, मला खेळता येत नाही.

“ते मले चार कारडावरून समजलंच,” माणिकभाऊ म्हणाले. काकू आतून हसल्या. “पाह्यता तं येते ना?”

ते फळ्या काढायला गेले. मी पटासमोर बसलो. थोड्या वेळाने एक चाल दिसली आणि हात आपोआप पुढे झाला. त्यांनी तिकडून, मीठ मोजता मोजता, “हात मांडीखाली” एवढंच म्हटलं. मी हात मांडीखाली घेतले. पहिला अर्धा तास कठीण गेला. मग पाय अवघडल्याचं लक्षात येईनासं झालं. बाजाराचा आवाज चालू होता, मिरचीचा तिखट वास नाकात जात होता, आणि पटावर मी दिसलेल्या चालीच्या पुढे पाहत होतो. तो अवघडलेला उंट मला दिसला. तो दोन प्याद्यांच्या मागे होता, आणि दादाने त्याला तिथून का काढला नव्हता तेही हळूहळू दिसलं. तो काढला असता तर राजाची एक बाजू उघडी पडली असती.

एक गोष्ट मात्र कळेना. दादाची शेवटची चाल कोपऱ्यातल्या प्याद्याची होती, एक घर पुढे. तिच्यात ना हल्ला ना बचाव. दुपारी गर्दी कमी झाल्यावर मी माणिकभाऊंना विचारलं.

“काईच नाई त्यात,” ते म्हणाले. “बारा दिवसानं आली ती चाल. अशा त्यायच्या लय असत. मीबी खेळतो तशा. डाव सरू नये म्हनून.”

त्यानंतर आम्ही बाजारात फिरून आलो. ओळख करून देताना ते लोकांना सांगत होते, “मास्तरचे धाकले. मास्तर गेले.” प्रत्येकाला तेवढंच, प्रत्येक वेळी तेवढ्याच आवाजात. मला जे तीन महिने लिहिता आलं नाही, ते त्यांनी एका दुपारीत दहा-बारा जणांना सांगितलं. एसटीतले म्हातारे शेतकरीही भेटले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ओंजळभर तुरीच्या शेंगा पिशवीत टाकल्या. बुरुडाच्या पालावर मी एक बांबूची टोपली घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघालो. पट द्यायला आणला होता, तो मी पुढे केला. त्यांनी चादरीची गाठ आणखी घट्ट करून तो माझ्याच हातात दिला. “आठ दिवसाच्या आत कारड आलं,” ते म्हणाले, “तं वाचनार नाई मी. पोस्टमनच्या हाती वापस करीन.”

परतीच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. जऊळक्याला गाडी दीड तास उशिरा आली. जाताना अकोल्याच्या स्टेशनवर मी सारखा रुळांकडे पाहत होतो. या वेळी प्लॅटफॉर्मवर डबा मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि गाडी समोर येऊन उभी राहिली तेव्हा दचकलो.

लोक विचारतात, जाऊन काय पाहिलं. केनवडमध्ये पाहिला तो एक पट आणि एक बाजार. पण त्या आधी अकरा वर्षं माझ्या घरात कोणीतरी रोज सकाळी पटासमोर बसून कुठेतरी जात होतं आणि मी दारात उभा राहून त्याला लवकर ये म्हणत होतो, एवढं मला तिथे कळलं. दादाला ते सांगायचं राहून गेलं.

घरी आलो त्या संध्याकाळी पट खिडकीशी मांडला. कागदावरच्या नोंदीतून मागे घेतलेल्या चाली वगळून सगळी मोहरी लावली, दादाचं कोपऱ्यातलं प्यादं एक घर पुढे. एका कार्डावर माणिकभाऊंचा पत्ता लिहिला आणि मजकुराची बाजू कोरी ठेवली. टोपली पटावर उपडी घातली. मग स्टोव्ह पेटवला, परातीत एका भाकरीचं पीठ घेतलं आणि मळायला बसलो.