मामाचं पातळ

जुने कपडे मी दानात घेत नाही आणि देतही नाही. नवेगाव बांध या गावात माझं कापडाचं दुकान आहे. दरवर्षी दिवाळीच्या आधी आम्ही काही दुकानदार मिळून आसपासच्या गावांत नवे कपडे वाटतो, हे आता सगळ्यांना ठाऊक झालं आहे. त्यामुळे घर आवरायची हुक्की आली की लोक गाठोडी बांधून माझ्याकडे येतात. गुडघ्यावर विरलेल्या पॅन्ट, बटणं तुटलेले शर्ट, आणि वर तोंड भरून, "गरिबाच्या कामी येतील." मी म्हणतो, "तुमच्या गाडीच्या कामी येतील, पुसायला ठेवा." माणूस रागावून जातो. जाऊ दे. गिऱ्हाइकाशी गोड बोलावं हे मला कळतं, पण हा काही गिऱ्हाईक नसतो.

नव्या कपड्याच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावायचं, घडी मोडायची आणि मग तो अंगात घालायचा, यात काय सुख असतं ते मी रोज दुकानात बघतो. धान विकून आलेला माणूस बायकोला पातळ घेऊन देतो, तेव्हा ती बाई ते आधी नाकाशी नेऊन त्याचा वास घेते. हे सुख ज्याला विकत घेता येत नाही, त्याला द्यायचं तर घडीसकट द्यावं, असं माझं मत आहे आणि त्यात मी कोणाचं ऐकत नाही. रंग घेणाऱ्यानं निवडायचा. फोटो कोणी काढायचा नाही. आणि एकदा दिलं की विसरून जायचं, कोणाला दिलं ते मनातसुद्धा ठेवायचं नाही. या शेवटच्या गोष्टीचा मला फार अभिमान होता. रस्त्यात कोणाच्या अंगावर आमचा सदरा दिसला तरी मी दुसरीकडे बघत पुढे जायचो.

दुकानाच्या मागच्या बाजूला एक कपाट आहे. त्यातला माल विकायचा नाही. ज्या घरी लग्न आहे आणि हात आखडलेला आहे, त्या घरच्या मुलीसाठी त्यात साड्या ठेवलेल्या असतात. उन्हाळ्यात एका दुपारी एक बाई आली ती थेट त्या कपाटापाशी जाऊन उभी राहिली. केशोरीकडच्या एका गावची होती. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, थोडी धानाची शेती, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. हे सगळं तिनं मी न विचारता, एका दमात सांगून टाकलं.

"पोरीचं लगन आहे जी," ती म्हणाली. "दाखवा."

मी एकेक साडी काढून गादीवर पसरली. लाल, हिरवी, मोरपंखी. तिनं सगळ्या बाजूला सारल्या.

"पिवळं दाखवा."

पिवळ्यातलंही पहिलं तिला पसंत पडलं नाही. दुसरं हिरव्या काठाचं होतं. तिनं काठावरून बोट फिरवलं, पदर उलटा करून पाहिला, वास घेतला आणि म्हणाली, "हे." मी पिशवीत घालून तिच्यासमोर धरलं. तिनं हात पुढे केला नाही.

"मले नोका देऊ. लगनाच्या दिवशी मांडवात घेऊन या. हे मामाचं पातळ होय, मामानंच आनावं लागते."

आमच्याकडे नवरी बोहल्यावर जाते ती मामाकडच्या पिवळ्या पातळात, आणि मामाच तिला हाताला धरून मांडवात आणतो. हे मला ठाऊक होतं. मी विचारलं, "मग तुमचा भाऊ?"

भाऊ होता, सख्खा आणि जवळच्याच गावात. नवरा गेल्यावर तिनं वडलांच्या शेतातल्या धानाच्या दोन बांद्या हिश्श्यानं मागितल्या आणि घेतल्या. तेव्हापासून भावानं बोलणं टाकलं होतं. "अक्षता घेऊन मी सोताच गेली होती जी," ती म्हणाली. "त्यानं दारात उभं राहून तांदूळ घेतले. आत ये म्हटलं नाही."

"गावातल्या कोणाला तरी उभं करा."

"गावातले सारे माह्या सासरचे. कोनी दीर, कोनी भासरा. त्यातला मामा कसा होईन? हे पातळ मी माह्या पैशानं घेऊ शकतो जी. तेंदूपत्त्याचे पैसे येतीन. पन मामा कोन्या दुकानात भेटते? ज्याच्यापाशी जे नसते ते तुमच्या कपाटात भेटते म्हनते लोक, म्हनून आली."

बाई भीक मागत नव्हती, की डोळ्यांत पाणीही नव्हतं. गिऱ्हाईक जसं म्हणतं की अस्तराचं कापड दाखवा, तसं तिनं मामा दाखवा म्हटलं होतं. मला ती आवडली. पण पोरीचं तोंड आठवून तिचा आवाज एकदाच खाली गेला. वऱ्हाडासमोर भटजींनी मामाला हाक मारायची आणि कोणीच उठायचं नाही, एवढ्याचीच तिला धास्ती होती. मी म्हटलं, "येतो मी मामा म्हणून."

रात्री जेवताना हे सांगितलं तर बायकोनं हातातली पोळी तशीच ठेवली. "तुमचं दान म्हणजे दिलं आणि मोकळे झाले. मामा होऊन मोकळं होता येतं का? उद्या तिचं बाळंतपण, मग लेकराचं जावळ तुमच्या मांडीवर. विसरून दाखवा म्हणावं."

"नाही विसरणार," मी म्हटलं.

मी जरा जोरातच बोललो असेन, कारण ती हसली आणि त्याच रात्री पातळाला फॉल लावायला बसली. मला बहीण नाही. मामा म्हणून मला आजवर कोणी हाक मारली नव्हती, आणि पन्नाशी उलटल्यावर ही हाक अशी घर शोधत आली याचं मला मनापासून अप्रूप वाटलं. बाजारात मी स्वतःच चार जणांना सांगितलं. समोरचा किराणावाला गोंदियाचा, तो रोज शटर उघडताना ओरडायचा, "क्या सेठ, बिना बहन के मामा बन गए?" मी मान डोलवायचो. सगळ्या पंचक्रोशीला कपडे विकणारा मी, स्वतःसाठी लग्नाचा कुडता शिवायला टाकला आणि खांद्यावर घ्यायला नवा शेला काढून ठेवला.

लग्नाच्या दिवशी सकाळीच मोटारसायकलनं निघालो. बायकोला ताप होता, ती आली नाही. दारात जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव होता. बाईनं स्वतः पाय धुवायला पाणी दिलं आणि जमलेल्या बायकांना मोठ्यानं सांगितलं, "हे पोरीचे मामा." म्हाताऱ्या बायकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं. नवरी आतल्या खोलीत होती. तिनं दारातूनच वाकून पाहिलं आणि पटकन आत गेली. तेवढ्यानं माझी छाती फुगली. मुहूर्ताला थोडा अवकाश होता, आत फार उकडत होतं, म्हणून मी पिशवी काखेत घेऊन बाहेर आंब्याच्या सावलीत आलो.

तिथे एक माणूस मोटारसायकल धरून उभा होता. गाडी स्टँडवर लावलेली नव्हती. पायाला पोटऱ्यांपर्यंत चिखल, अंगात शेतातला सदरा. त्यानं माझ्या कुडत्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे.

"तुमीच का जी ते कापडवाले?"

"हो."

"मी पोरीचा मामा. आमच्या गावात सारे हासून राहिले. म्हनते, तुह्या भाचीले मामा दुकानातून आनला."

माझ्या नाकावरच राग असतो. मी म्हटलं, "मग तुम्ही काऊन नाही आले? अक्षता तर घरी आल्या होत्या."

 तो म्हणाला, "उन्हाळी धानाले पानी सोडून राहिलो होतो. येवाचं नोतंच मनात. मंग वाटलं, आता मुहूर्त होईन, पोरीले हाक मारतीन. पान्याची मोटर तशीच चालू टाकून आलो. पन असा खाली हातानं मांडवात कसा जाऊ? जातो वापस."

आणि त्यानं खरोखर गाडी वळवायला सुरुवात केली.

खोटं कशाला सांगू, मला ती पिशवी द्यायची नव्हती. बहिणीला इतकी वर्षं दाराबाहेर ठेवणारा हा माणूस ऐन वेळी चिखलाच्या पायांनी येतो, आणि मी नवा कुडता घालून बाजूला व्हायचं, याचा मला संताप आला. वाईटही फार वाटलं. वळून आत गेलो असतो तर कोणी मला नाव ठेवलं नसतं. पण तो गेला असता तर त्या पोरीला दुकानातला मामा मिळाला असता आणि खरा मामा कायमचा गेला असता. तिच्या आईलाही भाऊ परत मिळाला नसता. हे मला इतकं स्वच्छ दिसलं की मी त्याच्या गाडीचं हँडल धरलं.

"घ्या हे," मी पिशवी पुढे केली.

"मी दान घेत नाही जी."

"दान कोण देतंय? तुमच्या बहिणीनं स्वतः निवडलेलं पातळ आहे. तिच्या हातात नेऊन द्या, एवढंच."

पिशवीवर माझ्या दुकानाचं नाव मोठ्या अक्षरात छापलेलं होतं. मी पातळ बाहेर काढलं आणि पिशवी घडी करून खिशात कोंबली. तो हात पुढे करणार तोच म्हटलं, "थांबा, आधी हात धुवा." माझ्या गाडीच्या डिक्कीतल्या बाटलीतलं पाणी त्याच्या हातावर, पायावर घातलं. सदऱ्याचं काही करता येण्याजोगं नव्हतं, म्हणून माझा शेला त्याच्या खांद्यावर टाकला. सकाळपासून त्याची घडी मी सांभाळली होती. त्याच्या खांद्यावर तो चांगला दिसला.

तो आत शिरला तसा मांडवातला गलका बसला. बाई आतल्या दारात उभी होती. त्यानं पातळ तिच्यापुढे धरलं. तिनं ते घेतलं, हिरव्या काठावरून बोट फिरवलं, आणि त्याच्या खांद्यावरून मागे माझ्याकडे पाहिलं. पातळ कुठलं आहे हे तिच्याइतकं कोणाला कळणार? मला वाटलं आता ही सगळ्यांसमोर काहीतरी बोलेल.

"लय उशीर केला, दादा," ती भावाला म्हणाली. "पोरगी कवाची वाट पाहून राहिली."

"पानी सोडून राहिलो होतो," तो म्हणाला. बस, एवढंच त्यांचं बोलणं झालं.

भटजींनी मामाला हाक दिली तेव्हा तो नवरीला हाताला धरून घेऊन आला. पोर मान खाली घालून चालत होती, पण मामाच्या हातातला तिचा हात घट्ट होता, हे मला मागूनही दिसलं. पिवळा रंग तिला शोभत होता. मी गर्दीत उभा राहून इतरांसारख्या अक्षता टाकल्या. काहीतरी हातातून गेल्यासारखं वाटत होतं आणि त्याच वेळी फार बरंही वाटत होतं. दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला सांगता येणार नाही.

पंगत बसली. खऱ्या मामाला वर मानाच्या जागी बसवलं, शेजारी पाणी, खाली पाट. मी खालच्या टोकाला मिळेल त्या जागी बसलो. कोणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं, आणि जेवून गुपचूप निघायचं मी ठरवलं होतं. शेजारी नवरदेवाकडचा एक म्हातारा होता. त्यानं वरणाची वाटी रिकामी केली, मिशा पुसल्या आणि माझ्या नव्या कुडत्याकडे बघत विचारलं, "तुमी कोनाकडले जी?"

लग्नात विचारतातच असं. पण नवरीकडचा म्हणावं, तर कोण लागतो? कापडवाला म्हणावं, तर दिलेलं सगळं वाया जाईल. मी घास हातात घेऊन तसाच बसलो.

बाई भाताची परात घेऊन पंगतीतून येत होती. तिनं ऐकलं असावं. माझ्यासमोर थांबली, नको नको म्हणत असताना पत्रावळीत भाताचा ढीग घातला, आणि म्हाताऱ्याला म्हणाली, "हे माह्या माहेरचे."

मग माझ्याकडे वळली. "पोटभर जेवा जी. माहेरचा मानूस अर्धपोटी उठला तं लोक मले नाव ठेवतीन."