आबा, हलगी घरी ठेवा

"यांच्यात पालकांचं लक्षच नसतं. तरीसुद्धा ही मुलगी पहिली आली."

हेडसर माइकवर असं म्हणाले, तवा माझा बाप शाळंच्या गेटात, उन्हात, हलगी वाजवत उभा व्हता. आवाज माइकात येत व्हता. सरांनी हात केला. कुणीतरी पळत जाऊन त्याला गप केलं.

मी सातवीत व्हते. कडेगावाकडची आमची शाळा. गणितात तालुक्यात पयला नंबर आलेला माझा. सरांनी वर्गात सांगितलेलं, "बक्षीस मिळालेल्या मुलांनी पालकांना घेऊन यायचं. स्टेजवर त्यांचाही सत्कार आहे." मी घरी येऊन म्हणले, "आबा, तुमाला शाळंत बोलावलंय."

आबांनी खुंटीवरची हलगी काढली.

आमी मातंग. आबांना आजवर ज्यानं बोलावलं, त्यानं हलगीसकट बोलावलेलं. वरातीला, बैलांच्या मिरवणुकीला, मयताला. नुसता बाप म्हणून कुणी कवा बोलावलंच न्हवतं. मग माणसाला कळावं कसं? सकाळी उसाचं पाचट पेटवून त्यांनी हलगी शेकली, धुतलेला सदरा घातला आन् माझ्यासंगं निघाले. मलाबी त्यात काय वेगळं वाटलं न्हाई.

गेटातच हेडसर भेटले. "अरे वा, आणलीस ते बरं केलंस. पाहुणे पोचतायत. इथंच थांब." आबा "व्हय जी" म्हणाले. सरांपेक्षा वयानं मोठा मानूस, आन् आणलीस म्हणे.

माझं नाव पुकारलं. बाकीच्या पोरांसंगं आई-बाप वर चढलेले. मी एकटी. तवाच सरांनी ते लक्षाचं वाक्य टाकलं, आन् वर म्हणाले, "कोणीतरी उभं राहा हिच्याजवळ. फोटो रिकामा दिसतोय." संस्थेचे चेअरमन उठले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. बापाच्या सत्काराचा नारळ त्यांनीच घेतला. टाळ्या पडल्या. तो फोटो शाळंच्या हापिसात लय वर्षं टांगलेला व्हता. मी, ढाल, आन् माझ्या बापाच्या जागी दुसराच मानूस.

पावन्यांची जेवणं उरकल्यावर आबांना कागदात बुंदी बांधून दिली. वाटंत त्यांनी इचारलं, "नारळ मिळाला का गं?"

"न्हाई."

"मिळंल पुढच्या साली."

आजबी ते आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

आता मी एसटीत कंडक्टर हाय. इस्लामपुरात ऱ्हाते. या कामात माणसावर पटकन इश्वास ठेवायची खोड ऱ्हात न्हाई. लय गोड बोलणारा प्रवासी दिसला की मी आधी त्याचं तिकीट बघते. पोरगी सहावीत हाय. आबा माझ्यापाशीच असतात.

मागं एकदा पोरीच्या वर्गबाईंचा फोन आला. "ताई, तुम्ही किती जागरूक पालक आहात! यंदा पालक प्रतिनिधी व्हाल का?"

माझे कान टवकारले. या बाईंनी मला कवा साधं 'बसा' म्हणलेलं न्हवतं. आज एवढं लोणी कशापायी? मग निघालं पोटातलं.

"आणि एक छोटीशी विनंती. गॅदरिंगला मुलांच्या आजी-आजोबांना बोलावतोय. तुमचे वडील हलगी वाजवतात ना? घेऊन येऊ देत. आपला वारसा आहे तो. गेटवर पाहुण्यांचं स्वागत कसं दणक्यात होईल!"

वारसा. एवढ्या वर्षांत शब्द तेवढा बदलला. गेट तेच.

पोरीच्या वर्गात डॉक्टरांची, डायरेक्टरांची पोरं हायत. मी इचारलं, "बाई, डॉक्टरांच्या वडलांना काय घेऊन यायला सांगितलंय?"

"म्हणजे?"

"आन् कारखान्याच्या डायरेक्टरांच्या वडलांना? उसाची मोळी आणायला सांगितली का?"

"अहो, ते पाहुण्यांबरोबर बसतील. तुम्ही उगाच वेगळा अर्थ काढताय."

"अर्थ न्हाई काढत. बसायची जागा इचारतीय."

बाईंनी फोन ठेवला.

आत गेले तर आबा फडक्यानं हलगी पुसत बसलेले. नातीनं आधीच सांगितलं व्हतं. तोंडावर हसू. "नातीच्या शाळंनं बोलावलंय गं."

"आबा, हलगी घरी ठेवा."

"आन् मग तितं जाऊन करू काय?"

मला रडू आलं आन् रागबी आला. सत्तरी वलांडली माणसानं, पन नातीच्या शाळंत नुसतं जाऊन बसायचं असतं, हे त्याला कुणी कळूच दिलं न्हवतं.

"बसायचं," मी म्हणले. "पयल्या रांगंत."

पोरगी मधीच म्हणाली, "पण आई, आजोबा भारी वाजवतात!"

"वाजवतात की. हलगीची लाज न्हाई मला. नाव पुकारून स्टेजवर बोलावलं तर वाजवतील. गेटात न्हाई."

आमी गेलो, रिकाम्या हातानं. बाईंनी आधी आबांच्या हाताकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. पयल्या रांगंत बसलो तशा आल्या. "ही रांग पाहुण्यांची आहे."

"आमालाबी बोलावलंय न्हवं? मग आमी कोण?"

आबा अर्धे उठले व्हते. सवय. मी त्यांचा हात धरून खाली बसवलं. कार्यक्रम संपस्तवर सोडला न्हाई.

पालक प्रतिनिधीचा इषय परत कुणी काढला न्हाई. पुढच्या चाचणीत पोरीला तोंडी परीक्षेत कमी मार्क पडले. तिचं चुकलं असंल. न्हाईतर बाईंच्या मनात राग असंल. मला ठरवता येईना, आन् ही अडचण डॉक्टरांच्या घरात कुणाला येत नसंल. मी शाळंत गेले आन् म्हणले, "बाई, तेच प्रश्न माझ्यासमोर परत इचारा." बाईंचं तोंड उतरलं. पन इचारले. दोन ठिकाणी पोरगी खरंच अडली, आन् त्या रात्री मी तिला घेऊन बसले. बाकीची उत्तरं धडाधडा दिली. मार्क सुधरून घेतले.

आता दर मीटिंगला जानार. बोलावलं तरी, न बोलावलं तरी. ड्युटी बदलून घेईन, रजा टाकीन. पोरीचा अभ्यास बघनार आन् तुमचं वागणंबी बघनार. कुणाला खुर्ची देताय, कुणाला अरेतुरे करताय, कुणाला दारात उभं करताय, सगळं. पालकांचं लक्ष नसतं म्हणत व्हता न्हवं, सर?

आता हाय.