पायाळूचा पाय

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझं डोकं नाही, पाय आधी बाहेर आले. आमच्या गल्लीत या गोष्टीला किंमत आहे. कुणाच्या कमरेत उसण भरली की पायाळू माणसाने पाय लावायचा, उसण उतरते, असं मानतात. मला समजायच्या आधीपासून मी ते करत होते. सकाळी कुणीतरी कंबर धरून दारात उभं असायचं. ते उंबऱ्यापाशी पालथं झोपायचं, अव्वा मला काखेत धरून उचलायची आणि माझा उजवा पाय त्यांच्या कमरेवर तीनदा टेकवायची. मग मी खाली उतरून त्यांच्या पाया पडायचे, कारण मोठ्या माणसाला पाय लागला होता. ते शेंगदाण्याचा लाडू नाहीतर केळं द्यायचे आणि हळूहळू चालत जायचे.

अव्वा म्हणजे आई. ती दुधनीकडची, घरात कानडी बोलते. वडिलांना मी अप्पा म्हणते. ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर आहेत. मागांच्या आवाजात इतकी वर्षं काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं, आणि सगळ्यांनाच कमी ऐकू येतं असं त्यांना वाटतं. त्यामुळे ते हळू बोलले तरी चार घरं पलीकडे कळतं.

नववीत गेल्यावर अव्वाने पुरुषांना बंद केलं. बायका येत राहिल्या. पुढे मी बी.एस्सी.ला गेले, आमच्या घरातली कॉलेजात जाणारी पहिलीच. पहिल्या वर्षी एका रविवारी शेजारच्या मावशी आल्या. मावशींच्या घरी तेलुगू बोलतात. त्या मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळतात, त्यामुळे त्यांची कंबर वर्षातून तीन-चारदा तरी धरते. त्या नेहमीसारख्या उंबऱ्यापाशी खाली बसू लागल्या. मी पुस्तक वाचत होते. मी म्हणाले, "मावशी, असं काही नसतं. डॉक्टरकडे जा."

मावशी अर्ध्या वाकलेल्या होत्या. तशाच उठल्या. "बरं," म्हणाल्या आणि भिंतीला हात लावत गेल्या. अप्पा खाटेवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं.  अव्वा मात्र दोन दिवस बोलत होती. त्यानंतर कुणी आलं नाही. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे लिहायला हवं.

दुसऱ्या वर्षी, प्रॅक्टिकल परीक्षेच्या एकोणीस दिवस आधी, कॉलेजच्या जिन्यावरून उतरताना माझा पाय मुरगळला. जर्नलवर सही मिळाली होती म्हणून मी घाईत होते, खालच्या वळणाआधीच्या शेवटच्या दोन पायऱ्या एकच समजले. घोट्यात कट् असा आवाज झाला, तो मी ऐकला. उजवाच पाय. मैत्रिणींनी रिक्षाने घरी आणलं. अव्वाने आंबेहळदीचा लेप लावला. मग कुणीतरी सांगितलं म्हणून पलीकडच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या पैलवानांना बोलावलं. त्यांनी गरम तेल लावून पाय चोळला आणि एकदा जोरात ओढला. सकाळी पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला होता आणि बोटं वांग्याच्या रंगाची झाली होती.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड मोडलेलं नव्हतं, लिगामेंट फाटलं होतं. ते म्हणाले, हाड मोडलं असतं तर लवकर भरलं असतं. चोळायचं नाही, बर्फ लावायचा, पाय उशीवर वर ठेवायचा, तीन आठवडे टेकवायचा नाही. तीन आठवडे म्हणजे एकवीस दिवस. मी मनात वजाबाकी केली. पाय मुरगळला त्या दिवसापासून मोजलं तरी दोन दिवस कमी पडत होते.

प्रॅक्टिकलला गैरहजर म्हणजे नापास, आणि परत पुढच्या वर्षी. घरात हे मी एकदाच सांगितलं. मामाने माझ्यासाठी दोनदा स्थळ सुचवलं होतं आणि दोन्ही वेळा अप्पांनी सांगितलं होतं, हिचं वर्ष न चुकता चाललंय तोवर विषय काढू नका. वर्ष चुकलं तर अप्पांकडे सांगायला काही उरणार नव्हतं. मी सांगितलं तेव्हा अव्वा पीठ मळत राहिली.

आमच्याकडे फ्रिज नाही. मावशींकडे आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी स्टीलच्या डब्यात बर्फ घेऊन आल्या. मी मागितला नव्हता, अव्वानेही मागितला नव्हता. त्यांनी डबा ठेवला, माझ्या पायाकडे बघितलं आणि अव्वाला म्हणाल्या, "औषधच आजारी पडलं की गं. आता आमी कुटं जायचं?" अव्वा हसली. मीही हसायला हवं होतं. मावशी रोज येत राहिल्या. एक हात कमरेवर, एका हातात डबा. त्या रविवारबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

ते दिवस कसे गेले हे मला नीट सांगता येत नाही. मी भिंतीला टेकून बसायचे, पाय दोन उशांवर. बर्फ कापडात गुंडाळून घोट्यावर ठेवला की आधी झोंबायचं, मग दुखायचं, मग काहीच नाही. बर्फ काढल्यावर मी पेन्सिलीच्या टोकाने पायाच्या बोटांना टोचून बघायचे. कळायचं नाही. थोड्या वेळाने कळायला लागायचं. पण माझं बाकीचं अंग त्या बोटांसारखंच राहिलं होतं. मैत्रिणी मोबाईलवर नोट्सचे फोटो पाठवायच्या, मी 'थँक यू' लिहायचे. रडू येईल असं वाटायचं, यायचं नाही. समोरच्या भिंतीवर किराणा दुकानाचं कॅलेंडर होतं. मी त्याच्याकडे बघायचे, पण दिवस मोजत नव्हते. नुसतं बघायचे. अव्वा जेवणाचं ताट आणून मांडीवर ठेवायची. मी उठायला गेले की म्हणायची, "सुम्म कूडु." गप्प बस. मी बसायचे.

अप्पांनी त्यांच्या ओळखीच्या कुणाकडून तरी कुबड्या आणल्या. सपाट जमिनीवर त्या जमायला लागल्या. पण आमच्या घराच्या दोन पायऱ्यांवरच मी पडता पडता राहिले. आमची केमिस्ट्रीची लॅब दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. मी सरांना फोन केला. सर चांगले बोलले. लॅब खाली आणता येणार नाही, पण तू वर आलीस तर बसायला उंच स्टूल देतो, म्हणाले. वर्गातली मुलं खुर्चीत बसवून उचलतो म्हणत होती. मला ते नको होतं.  अप्पा ऐकत होते की नाही कळलं नाही. जेवण झाल्यावर ते म्हणाले, "मी आणतो वर."

परीक्षेच्या दिवशी त्यांनी पाळी बदलून घेतली होती. रात्रपाळी करून ते तसेच आले. केसांत आणि भुवयांवर सुताची पांढरी तुसं होती. मी प्रवेश घेतला त्या दिवशी ते सायकल धरून कॉलेजच्या फाटकाबाहेर उभे राहिले होते, आत आले नव्हते. आज रिक्षा आतपर्यंत गेली. जिन्याशी त्यांनी चपला काढल्या. मी म्हणाले, चपला राहू द्या. ते म्हणाले, अनवाणी पाय नीट बसतो. मग ते वाकले आणि मी त्यांच्या पाठीवर बसले, लहानपणी बसत असेन तशी. कुबड्या मी एका हातात धरल्या होत्या. त्या त्यांच्या गुडघ्याला लागत होत्या.

पहिल्या मजल्यावर ते थांबले. छाती वरखाली होत होती. फलकावर कसलीतरी यादी लावलेली होती, तिच्याकडे बघत त्यांनी विचारलं, "हितं शिकतीस व्हय तू?"

"अजून एक मजला वर," मी म्हणाले.

"लई उंच हाय की."

वर पोचलो तेव्हा लॅबमध्ये परीक्षा सुरू व्हायची होती. बाहेरून आलेले परीक्षक टेबलाशी कागद लावत होते, सगळी मुलं आपापल्या ब्युरेटजवळ गप्प उभी होती. अप्पा दारातून मला घेऊन सरळ आत गेले, मधोमध उभे राहिले आणि विचारलं, "कुटं ठिवू तुला?"

ते त्यांच्या मानाने हळू बोलले होते. सगळी लॅब हसली. परीक्षकही हसले. वाईट नव्हतं ते हसणं. मी सरांनी ठेवलेलं स्टूल दाखवलं. अप्पांनी मला त्यावर ठेवलं, कुबड्या टेबलाला टेकवल्या, परीक्षकांना हात जोडले आणि गेले. अशा वेळी लाज वाटते किंवा अभिमान वाटतो, असं मी नंतर पुष्कळदा स्वतःला सांगून बघितलं. मला त्यावेळी दोन्हीपैकी काही वाटलं नाही. मी पिपेट धुतली.

टायट्रेशन बरं झालं. शेवटच्या थेंबाला आलेला फिकट गुलाबी रंग टिकला, तिन्ही रीडिंग जुळली. तोंडी परीक्षेत एक उत्तर चुकलं.

अप्पा तळमजल्यावर जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून होते, मी शिपायाला बोलवायला पाठवलं तेव्हा झोपलेले, मग उठून वर आले. उतरताना त्यांना जास्त जड गेलं. खालच्या वळणावर, साधारण माझा पाय मुरगळला होता तिथेच, माझ्या छातीखाली त्यांच्या पाठीत काहीतरी अडकल्यासारखं हललं. मला ते स्पष्ट कळलं. ते थांबले. मी विचारलं, काय झालं? "काय न्हाय," म्हणाले आणि उरलेल्या पायऱ्या एक एक करून, दोन्ही पाय एका पायरीवर आणत उतरले.

संध्याकाळपर्यंत त्यांना उठता येईना. सतरंजीवर एका कुशीवर पडून होते. अव्वाने बाम चोळला, मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकलं. मी मधल्या भिंतीच्या अलीकडे माझ्या उशांवर पाय ठेवून बसले होते. अव्वा कानडीत काहीतरी म्हणाली, तिचा आवाज खाली होता. मग अप्पांचा आवाज आला. ते कुजबुजत होते. त्यांच्या मते कुजबुजत होते.

"तिला नको सांगू. तिला पटत न्हाय ते."

मी पाय उशांवरून खाली घेतला. मग कुबड्या घेतल्या आणि पलीकडे गेले. अव्वाने वर बघितलं. मी म्हणाले, "अप्पा, उंबऱ्यापाशी झोपा."

त्यांना ऐकू आलं नाही. मला परत म्हणावं लागलं, मोठ्याने. बाहेर मावशी ओट्यावर विड्या वळत होत्या, त्यांनी नक्की ऐकलं असणार. अप्पा हळूहळू सरकत उंबऱ्यापाशी गेले आणि पालथे झाले. मी क्रेप बँडेज सोडलं. पाय पिवळा-हिरवा दिसत होता. अप्पा जमिनीकडे तोंड करूनच म्हणाले, "डावा लाव. उजवा दुखल."

उजवाच लावायचा असतो, हे त्यांनाही माहीत होतं. मी एका हाताने चौकट धरली, दुसरा हात अव्वाच्या खांद्यावर ठेवला. अव्वा आता मला उचलू शकत नव्हती, ती नुसती खाली मला धरून बसली. मी पाय त्यांच्या कमरेवर टेकवला. एकदा. दुसऱ्यांदा. तळव्याला आधी काही कळलं नाही, बर्फानंतर कळायचं नाही तसं. तिसऱ्यांदा पाय ठेवला तेव्हा बनियनखाली पाठ गरम लागली. घोट्यातून कळ आली. मी पाय लगेच उचलला नाही.

मग पाया पडायचं असतं. मला वाकता येईना. मी तशीच उभी राहिले. अप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे." आणि थोड्या वेळाने, "सुटलं की."

दुसऱ्या दिवशी पहाटपाळीला ते निघाले. मी खिडकीशी झोपत होते. ते सायकल हातात धरून गल्लीतून चालत गेले, वळणापर्यंत. एरवी ते दारातूनच टांग मारतात. वळणावरही बसले नाहीत. सायकलच्या दांड्यावर कोपर टेकून थोडा वेळ उभे राहिले आणि परत चालू लागले. पुढचे सात-आठ दिवस मी हेच बघितलं. घरात कुणी विचारलं की ते सांगायचे, पोरीनं पाय लावला आन् त्याच दिवशी उतरली. गल्लीभर ऐकू जाईल असं सांगायचे.

प्रॅक्टिकलमध्ये मी पास झाले. मामाचा फोन आला तेव्हा अप्पांनी तेच सांगितलं, वर्ष चुकलेलं नाही.

पाय टेकवायला लागल्यावर, घरातल्या घरात भिंतीला धरून चालायला लागल्यावर एका सकाळी मावशी आल्या. हातात बर्फाचा डबा नव्हता. दोन्ही हात कमरेवर होते. त्या आत आल्या नाहीत, दाराबाहेर उभ्या राहून म्हणाल्या, "अप्पांची उतरली म्हणं."

मी सायकल बघितली होती. हे मावशींना सांगायला हवं होतं का, मला अजून ठरवता आलेलं नाही. डॉक्टरकडे जा, हेही मी म्हणू शकले असते, आणि ते खोटं नव्हतं. मी बँडेजचा चिमटा काढायला लागले.

"झोपा, मावशी," मी म्हणाले. "पण दुपारी माझ्याबरोबर दवाखान्यात पण यायचं. मला दाखवायला जायचंच आहे."

मावशी उंबऱ्याला धरून सावकाश खाली झाल्या. पालथ्या होताना त्यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, तेलुगूत. मग मान वळवून माझ्या पायाकडे बघितलं.

"हळू ठिव गं," त्या म्हणाल्या. "अजून सुजलाय."