मामाजींच्या पसंतीचा खिळा

मुलीसाठी स्थळ पाहणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण स्थळ पाहावं तसा खिळा पाहणारे फक्त आमचे मामाजी. मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे मामा, मुक्काम धामणगाव बढे. उभी हयात एसटीत तिकिटं फाडण्यात गेली, पण नात्यात कुणाचीही लाकडी खोली उभी राहायची असो, हे हातोडी घेऊन हजर! दुकानात गेले की मूठभर खिळे काउंटरवर ओतायला लावणार, एकेक लोळवून पाहणार, डोकं नखाने खरवडणार. "सांगाड्याचा खिळा फळीले मारला तं फळी उलते, अन् फळीचा सांगाड्याले मारला तं घर हालते," हे त्यांचं तत्त्वज्ञान. एका लग्नात तर अक्षता टाकायच्या सोडून हे स्टेजखाली वाकले आणि ऐन मंगलाष्टकांत ओरडले, "खिळे बारीक हायेत बे!" नवरदेव घाबरून खाली उतरला.

यंदा बुलढाण्याला आमच्या गच्चीवर बायकोच्या शिवणक्लाससाठी लाकडी खोली काढली. सोमवारी बायका शिकायला येणार, आणि मामाजी आपले खिळे नापास करत बसलेले. खिळा वाकला की "माल खराब हाय," की मी पुन्हा दुकानात. मी पार वैतागलो. रविवारी दुपारी बायकोने मला कोपराने ढोसलं, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. खिळे चांगलेच होते, मामाजींचा हात थरथरत होता. सुतार बोलावला असता तर काम झालं असतं, पण मामाजींनी पुन्हा आमची पायरी चढली नसती.

"मामा, खिळा तुम्ही निवडा, ठोकते मी," बायको म्हणाली.

आजवर त्यांनी हातोडी कुणाच्या हाती दिली नव्हती. "काऊन? मले येत नाई काय?"

"येते ना. पण क्लास माहा हाय. मले बी शिकवा."

मामाजींनी दोन इंची एक खिळा निवडला, फळीवर टेकवला आणि स्वतःच्याच दोन बोटांत धरला. "ठोक वं पोरी. माह्या बोटाकडे नको पाहू, खिळ्याकडे पाह."

मी डोळे मिटून घेतले. घाव बसला. उघडून पाहतो तो बोटं शाबूत, खिळा सरळ आत. मामाजींनी त्याच्या डोक्यावरून अंगठा फिरवला आणि हसले.

दिवेलागणीच्या आत शेवटची फळी बसली. निघताना त्यांनी हातोडी शिलाई मशीनवर ठेवली. "पुढच्या घराले तू ठोकजो. मी खिळे पाहाले येतो."

बायकोने "हाव मामा" म्हणून हातोडी उचलून घेतली.