यू. के. सरांचं लॅटिन

बाभुळगावात उकंडा नावाचा माणूस कुठे राहतो असं विचाराल, तर लोक डोकं खाजवतील. यू. के. सर म्हणा, कोणीही दारापर्यंत नेऊन सोडेल. उकंडा किसनराव या नावातली आद्याक्षरं उचलून त्यांनी यू. के. केलं आणि पुढचं काम गावानं परस्पर उरकलं. सर दोन वर्षं लंडनला होते, अशी वदंता उठली. सरांनी ती खरी आहे असं कधी सांगितलं नाही, आणि खोटी आहे असंही नाही. प्रत्यक्षात ते पुण्याला एका खोलीत पाच जणांसोबत राहून स्पर्धा परीक्षा देत होते आणि प्रत्येक परीक्षा त्यांना मागच्या दारानं बाहेर काढत होती.

आधीची दोन लेकरं दगावली म्हणून त्यांच्या आईनं, कांताबाईनं, हे तिसरं जन्मताच उकिरड्यावर ठेवलं आणि कचरा म्हणून परत उचललं, म्हणजे यमाची नजर पडणार नाही. म्हणून उकंडा. इंग्रजीतल्या यच्चयावत शब्दांचं मूळ सांगणाऱ्या या माणसाला आपल्या नावाचं मूळ निघालेलं मात्र खपत नसे. आई क्लासच्या दारात येऊन "उकंड्या, जेवाले ये रे" म्हणाली की सर वर्गाचं दार लावून घेत.

पुण्याहून येताना नोकरी आली नाही, एक झेरॉक्स आली. रोजच्या इंग्रजी शब्दांची लॅटिन मुळं. मधली बरीच पानं गळालेली होती, पण उरलेल्या पानांवर सरांनी बसस्टँडमागच्या गाळ्यात क्लास काढला. "शब्द पाठ करू नका, मूळ पकडा," हे त्यांचं ब्रीद. एका दिवशी सर म्हणाले, "मसल म्हणजे छोटा उंदीर. दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो, म्हणून." त्या दिवशी जिमला जाणाऱ्या पोरांनी घरी आरशासमोर उभं राहून आपापले उंदीर मोजले. "रायव्हल म्हणजे एकाच ओढ्याचं पाणी घेणारे." हे मात्र कोणाला फोडून सांगावं लागलं नाही. कालव्याच्या पाण्यावरून ज्यांचे बाप सख्ख्या भावाशी बोलत नव्हते, अशी निम्मी पोरं वर्गात होती.

झेरॉक्समध्ये जो शब्द नसे, त्याच्या शेपटीला सर बिनदिक्कत 'उस' लावत. बकेट? बकेटस. कुकर? कुकरस. सगळा तालुका कापूस पिकवतो, सरांच्या वर्गात नुसता उस पिकायचा. एकदा नाहिद नावाच्या मुलीनं हात वर केला.

"सर, मंग कापूसबी लॅटिनच काय?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "चांगला प्रश्न. त्यावर संशोधन सुरू आहे."

घरी बायको शीला होती. ती अंगणवाडीत शिकवायची आणि घर तिच्याच पगारावर चालायचं. एका रात्री जेवताना सर म्हणाले, "सॅलरी हा शब्द कशावरून आला, माहीत आहे? मिठावरून."

"मंग आणा न मीठ," शीला म्हणाली. "डब्यात नाई आहे. सकाळपासून सांगून राह्यली."

क्लास जरा बरा चालू लागला तेव्हा सरांनी पाटी रंगवायला टाकली. पेंटर रहमत. 'यू. के. सरांचे लॅटिन क्लासेस', असं सरांनी त्याला फोनवरच सांगितलं. रहमतनं तो अख्खा हंगाम गावोगावच्या भिंतींवर शौचालयाच्या घोषणा रंगवल्या होत्या. हाताला वळण पडलेलं. पाटी गाळ्यावर चढली तेव्हा तिच्यावर झोकदार निळ्या अक्षरांत होतं: 'यू. के. सरांचे लॅट्रिन क्लासेस'.

सर धावत गेले. रहमत थंड होता. "एक रकारच तं जास्तीचा आहे सर. मिटवून देतो." त्यानं पांढरा हात मारला, पण रंग पातळ होता. ऊन पडलं की खालचं लॅट्रिन वर यायचं.

त्याच उन्हात सावरटेकडीचे सरपंच पूनमसिंग रस्त्यानं चालले होते. त्यांनी पाटी वाचली, खालचा नंबर फिरवला. "सर, आमच्या गावात तुमच्याच विषयाचा कार्यक्रम आहे. प्रमुख मार्गदर्शक म्हणून या. गाडी पाठवतो."

आपलं लॅटिन सावरटेकडीपर्यंत पोचलं, या आनंदात सरांनी रात्रभर आरशासमोर भाषण केलं. शीलानं एकदाच विचारलं, "अवो, पन त्या गावात लॅटिन कोनाले पाह्यजे आहे?" सर फक्त मंद हसले. लग्नातला कोट घालून, भर उन्हात घाम पुसत ते गाडीत बसले.

मांडवावर मोठा फलक होता. 'सार्वजनिक शौचालय लोकार्पण सोहळा. प्रमुख मार्गदर्शक: यू. के. सर, लॅट्रिनतज्ज्ञ.' सरांनी फलक दोनदा वाचला. मागे फिरावं म्हणेपर्यंत खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि शाल पडल्यावर पळून गेलेला माणूस आजवर कोणी पाहिलेला नाही. खुर्चीत बसल्या बसल्या ते झेरॉक्स आठवू लागले. 'एल'ची पानं शाबूत होती! त्यांच्या जिवात जीव आला.

"बंधूंनो आणि भगिनींनो," सर माइकवर कडाडले, "लॅट्रिन हा शब्द घाण नाही. तो रोमन लोकांचा पवित्र शब्द आहे. मूळ धातू लवारे. लवारे म्हणजे धुणे. जिथे धुता येतं ती लॅट्रिन. आणि जिथे धुता येत नाही, ती लॅट्रिनच नव्हे!"

इथे टाळ्या पडतील असा त्यांचा अंदाज होता. पडल्या नाहीत. बायांच्या बाजूला कुजबुज उठली आणि भुरीबाई नावाची एक वयस्क बाई उभी राहिली.

"गुरुजी, शेवटचं पुन्हा एकडाव सांगा बरं."

सर खूश झाले. आणखी मोठ्यानं सांगितलं.

"मंग सरपंचसायेब," भुरीबाई वळली, "ह्याच्यात तं पानीच नाई. टाकी वरते नुसती मांडून ठेवली, पाइप कुठीच जोडला नाई. मी सकाळीच नळ फिरवून पाह्यला. मंग फीत कायची कापून राह्यले तुमी?"

सगळ्या बाया उभ्या राहिल्या. पूनमसिंग सरांच्या कानाशी वाकले. "सर, आवरा आता."

क्षणभर सरांच्या अंगावर काटा आला होता, हे खरं. इतकी वर्षं ते मुळं वाटत होते आणि आज पहिल्यांदा एखादं मूळ जमिनीत घुसलं होतं. आणखी एक वाक्य बोलले असते, तर त्या बायांनी त्यांना डोक्यावर घेतलं असतं. पण खांद्यावर शाल होती. पुढच्या महिन्यात सावरटेकडीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं, तिथेही पूनमसिंगच पाहुणे ठरवणार होते. सरांनी घसा खाकरला.

"तसं नाही बाई. तुमचा गैरसमज होतोय. लॅटिन भाषेत पाणी अध्याहृत असतं."

"म्हंजे?"

"म्हणजे, आहे असं समजून घ्यायचं."

भुरीबाईनं त्यांच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "मंग तुमी या बरं आतून जाऊन," ती म्हणाली, "आहे असं समजून."

मांडव हसून खाली बसला. पूनमसिंगांचा ड्रायव्हरही हसला. सर कोटासकट लाल झाले. जेवणाचं कोणी विचारलं नाही, परतीची गाडीही मिळाली नाही. ते ऑटोत कोंबून बाभुळगावला आले. बाया मात्र हलल्या नाहीत. शौचालयाच्या दारात ठाण मांडून बसल्या आणि पाइप जोडून, मोटर बसून नळाला धार लागेपर्यंत त्यांनी सरपंचांना फीत कापू दिली नाही.

सर घरी पोचायच्या आधी व्हिडिओ पोचला होता.

"चांगलं बोलून राह्यले होते," शीला म्हणाली. "मंग शेपूट काहून घातलं?"

"तुला त्यातलं व्याकरण कळायचं नाही."

ताट वाढून शीला दुसऱ्या खोलीत गेली. सर एकटेच जेवले.

आठवड्याभरात मात्र त्यांना तरतरी आली. व्हिडिओ त्यांनी स्वतः कापला. 'ती लॅट्रिनच नव्हे!' इथे तो संपतो. त्यापुढे नळाची धार आणि मोठ्या अक्षरांत ओळ: 'ज्यांच्या एका शब्दानं गावात पाणी आलं!' क्लासला जागा पुरेना. बाजूचा गाळा घ्यावा लागला.

सावरटेकडीची माणसं बाजाराच्या दिवशी बाभुळगावात येतात, चहाच्या टपरीवर ती क्लिप बघतात. पुढे काय झालं ते त्यांना ठाऊक आहे. एखादा सांगायला तोंडही उघडतो. मग बाजूचा त्याला कोपरानं ढोसतो, कारण त्यांच्या गावातली बारा-पंधरा पोरं आता सरांकडेच जातात, आणि मास्तराबद्दल वाईट बोललं की पोराला इंग्रजी येत नाही, असं सगळे म्हणतात.