डाव्या पायाचं वजन

सकाळी सातच्या सुमारास कमलवहिनींचा फोन आला. त्यांचा आवाज ऐकताच माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "पडला का?" वहिनी म्हणाल्या, "न्हाई भाऊजी, पडले न्हाईत. चहा पिता पिता गेले... खुर्चीतच." सोपानचं हृदय थांबलं होतं. याला आता पाच आठवडे झाले. तो प्रश्न मला अजून बोचतो, पण तो उगाच आला नव्हता. सोपान पडू नये म्हणून आम्ही चार वर्षं जपत होतो, आणि त्यातलं पहिलं वर्ष तर आम्ही चुकीचंच जपलं.

सोपान माझा शेजारी, कमलवहिनींचा नवरा, चिखलीच्या जुन्या शेतकरी घरातला. चाकणच्या एका कंपनीत त्याने तीस वर्षं सुटे भाग तपासले. मी आकुर्डीच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. सोपान निवृत्त झाला त्याच वर्षी त्याला पक्षाघात झाला आणि डावी बाजू लुळी पडली. पुढे बोलणं परत आलं, काठी धरून चार पावलं टाकणंही आलं, पण सगळा भार उजव्या पायावर. घरच्यांनी त्याला खुर्चीतून उठू दिलं नाही. पाणी हातात, जेवण हातात. मीही त्यात सामील होतो. दर आठवड्याला जाडजूड पुस्तकं नेऊन द्यायचो, म्हणजे तो गप बसून राहील. त्याला वाचनाची फारशी आवड नव्हती, तरी माझ्यासाठी तो ती वाचायचा.

वर्षभराने डॉक्टरांनी हाडांची घनता मोजायला सांगितली. डाव्या खुब्याचं हाड उजव्यापेक्षा बरंच विरळ झालं होतं. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी समजावलं, की ज्या हाडावर भार पडत नाही त्याची शरीर नीट निगा राखत नाही. गोळ्या डॉक्टर देतीलच, पण या पायावर रोज उभं राहायला हवं. तेही जपून, कारण माणूस पडला तर असं हाड सहज मोडतं. मी घाबरलो. सोपानचे डोळे मात्र कित्येक महिन्यांनी चमकले. "म्हंजे पार्टावर लोडच न्हाई," तो म्हणाला. "ताई, हे कळतंय मला. मोजायचं कसं तेवढं सांगा."

मोजायची युक्ती शेवटी त्यानेच काढली. एक वजनकाटा त्याचा, एक माझ्या घरचा, दोन्ही शेजारी शेजारी. एकेका काट्यावर एकेक पाय, हातात खिडकीचा गज, मागे खुर्ची, बाजूला वहिनी. पहिल्या दिवशी उजवा पंचावन्न, डावा तेरा. "बघ राव, डावा नुसता हजेरी लावतोय," तो म्हणाला. मग रोज सकाळी त्याचा फोन यायचा. "पंधरा." एवढंच बोलून ठेवून द्यायचा. "सतरा." मी हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवून त्या आकड्याची वाट बघू लागलो. एकदा उजव्याचा आकडा झपकन उतरला म्हणून तो खूश झाला, तर वहिनींनी बेरीज केली. "अडुसष्ट व्हायला पायजे, चौसष्टच झाली. गजाला लोंबकळताय. कंपनीत असलं माप पास केलं असतं का?" तो लाजून हसला आणि पुन्हा उभा राहिला.

मध्ये एकदा त्याचा तोल गेला, वहिनींनी सावरलं. त्या दिवशी मी म्हणालो, "आता पुरे, सोपान." तो माझ्यावर पहिल्यांदाच चिडला. "बसून बसून मोडायचं असंल, तर उभ्यानं मोडू दे की."

ज्या सकाळी फोनवर "तीस" ऐकलं, त्या सकाळी मी चप्पल न घालता त्याच्याकडे धावलो. पुढच्या तपासणीचा अहवाल मीच वाचला. हाड वाढलं नव्हतं, पण झीज थांबली होती. डॉक्टर म्हणाले, हे थोडंथोडकं नाही. सोपानने अहवालातली झीज थांबल्याची ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली...

गेल्या आठवड्यात त्याच्या वस्तू द्यायला काढायच्या म्हणून वहिनींनी मला बोलावलं. दाराशी त्याचे शेवटचे सँडल होते. मी सहज उलटे करून पाहिले. आजारानंतरच्या पहिल्या जोडात डावा पाय फरफटून पुढचं टोक घासलं होतं, टाच मात्र नव्यासारखी राहिली होती. या जोडात डावी टाच चांगलीच झिजलेली होती.

"फरक किती हाय?" वहिनींनी विचारलं.

"थोडासाच. उजवी जरा जास्त झिजलीय."

त्यांनी दोन्ही सँडल उजेडाकडे धरून बराच वेळ न्याहाळले. "पास केले असते त्यांनी," त्या म्हणाल्या, आणि द्यायच्या ढिगात न टाकता परत दाराशी ठेवले.